अलास्का क्रूझ आईबाबांबरोबर: व्हिसा, सामान, खाणं आणि जहाजावरचे नियम

सांगलीकरीण
नमस्कार मंडळी. आईबाबा मे महिन्याच्या शेवटी सांगलीहून आमच्याकडे सिअ‍ॅटलला येतायत. जूनमध्ये त्यांना घेऊन अलास्काची सात रात्रींची क्रूझ करायचा बेत आहे. सिअ‍ॅटल, जुनो, स्कॅगवे, केचिकन, व्हिक्टोरिया, परत सिअ‍ॅटल, आणि मध्ये एक दिवस हिमनदीचा. बाबा ७४, बीपीच्या गोळ्या चालू. आई ६९, गुडघेदुखी, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे. आम्ही दोघं एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. लेक दोन वर्षांचा, डायपर अजून सुटलेला नाही.
जुने धागे चाळले, पण सगळे फोटो आणि ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ यावरच संपतात. मला नियम हवेत. काय नेऊ देतात, काय काढून घेतात, बिलात काय काय वाढतं? आईने आत्ताच चहाची इलेक्ट्रिक किटली, छोटी इस्त्री आणि दोन डबे बेसनलाडू असं बांधायला घेतलंय. तिला काय सांगू?

उत्तरायण
किटलीचं नंतर बघू. आधी सांगा, आईबाबांचा कॅनडाचा व्हिसा आहे का? मार्गात व्हिक्टोरिया आहे आणि ते कॅनडात येतं. ‘आम्ही तिथे उतरणारच नाही, जहाजातच बसून राहू’ हे चालत नाही. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा नसेल तर सिअ‍ॅटलच्या काउंटरवरूनच परत पाठवतात आणि पैसेही बुडतात. एच-१बीवाल्यांनाही हाच नियम, म्हणजे तुम्हा दोघांनाही व्हिसा लागेल. ग्रीनकार्डवाल्यांना लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. आईबाबांचे बोटांचे ठसे भारतात असतानाच देऊन टाका. इथे आल्यावर केलंत तर जून हुकेल.

मेतकूट-भात
पण सगळी क्रूझ अमेरिकेतली असताना कॅनडात थांबतातच कशाला? व्हिक्टोरियाला म्हणे संध्याकाळी जेमतेम काही तास थांबतात.

उत्तरायण
कायद्यासाठी. अमेरिकेचा १८८६चा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने फक्त अमेरिकी बंदरांमधून प्रवासी फिरवायचे नाहीत, मध्ये एक तरी परदेशी बंदर घ्यायचंच. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा, नेदरलँड्स अशा झेंड्यांखाली चालतात. म्हणून व्हिक्टोरियाचा तो संध्याकाळचा थांबा. २०२१मध्ये कॅनडाने कोविडमुळे बंदरं बंद ठेवली होती, तेव्हा अमेरिकेच्या संसदेला खास कायदा करून ही अट तात्पुरती बाजूला ठेवावी लागली. नाहीतर अलास्काचा तो हंगामही कोरडा गेला असता.
आणखी एक. एच-१बीचा पासपोर्टवरचा शिक्का संपला असेल तर कॅनडातून परत येण्याचे नियम वेगळे आहेत. ते इथे आम्हाला विचारू नका, वकिलाला विचारा.

सांगलीकरीण
बाप रे! एजंटने याचं अवाक्षर काढलं नव्हतं. उलट ‘क्लोज्ड लूप आहे, म्हणजे निघालेल्या बंदरालाच परत येते, काही लागत नाही’ म्हणाला.

उत्तरायण
क्लोज्ड लूपची ती सवलत अमेरिकी नागरिकांसाठी आहे. एजंट लोक ती सगळ्यांना वाटत सुटतात.

निवृत्त खलाशी
गाव वेंगुर्लं. अमेरिकी मार्गांवरच्या जहाजांवर बरीच वर्षं केबिन स्टुअर्ड, म्हणजे खोल्या आवरणारा, होतो, आता घरी नारळ मोजतो. ताई, आईला सांगा, किटली आणि इस्त्री घरीच ठेवा. बंदरावर बॅगा स्कॅनरखालून जातात तेव्हाच बाजूला काढतात. वस्तू जप्त होते, शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहून परत घ्यावी लागते. त्याहून वाईट म्हणजे त्या वस्तूसाठी अख्खी बॅग अडकते आणि तुम्ही रात्री नऊला तळमजल्यावरच्या खोलीत बॅग ओळखायला जाता.
कारण एकच, आग. समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही, बंब आम्हीच. स्वयंपाकी, वेटर, स्टुअर्ड, सगळ्यांना आग विझवायचं शिक्षण असतं. म्हणून तापणारं काहीही चालत नाही: इस्त्री, किटली, राइस कुकर, पाणी तापवायची कॉइल. मेणबत्ती, निरांजन, उदबत्तीही नाही. एकदा एका आजींनी चतुर्थी म्हणून बाथरूममध्ये उदबत्ती लावली होती. दोन मिनिटांत माझ्यासकट चौघे दारात. आजी म्हणाल्या, ‘प्रसाद घ्या.’ घेतला.
एक्स्टेंशन बोर्डाचंही तसंच. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर अडवणारा) असलेला बोर्ड कुठल्याच जहाजावर चालत नाही. जहाजाची वीज घरासारखी जमिनीला जोडलेली नसते, त्यात तो बोर्ड तापून पेटू शकतो. काही कंपन्यांनी आता साधे एक्स्टेंशनही बंद केलेत. यूएसबीची चार-सहा तोंडं असलेला चार्जर न्या. प्लग अमेरिकी पद्धतीचे असतात, आईबाबांच्या फोनसाठी एखादा अ‍ॅडॉप्टर.

मेतकूट-भात
मग चहा?

निवृत्त खलाशी
बुफेच्या मजल्यावर गरम पाणी, दूध, टीबॅग दिवसभर फुकट. चहाच्या प्रिमिक्सची सीलबंद पाकिटं नेली तर कुणी हात लावत नाही. थर्मास न्या. सकाळी बाबांनी फेरी मारायला जावं आणि येताना भरून आणावा. स्टुअर्डला सांगितलंत तर तोही आणून देईल, पण तेव्हा त्याच्या माथ्यावर पंधरा-वीस खोल्या असतात.
लाडवांचं म्हणाल तर घरी केलेलं खाणं जहाजावर आणू देत नाहीत. कारखान्यातलं, सीलबंद, लेबल असलेलं चालतं. भडंग, चिवडा, मेतकूट दुकानी पाकिटातलं घ्या. उलट दिशेची अडचण जास्त महागात पडते: बुफेतलं केळं किंवा सफरचंद पर्समध्ये टाकून बंदरावर उतरायचं नाही. शेतीच्या कीड-रोगांचे कायदे आहेत, दंड होतो.

खडूस काका
उदबत्ती नाही, इस्त्री नाही, लाडू नाही. लाखांनी पैसे मोजून हॉस्टेलात जायचं म्हणजे. त्यापेक्षा कोयनानगर बरं.

गोळ्या-औषधे
काका, तुम्ही कोयनेलाच जा :-)
सांगलीकरीण, वैद्यकीय बाजूचं लिहिते. सिअ‍ॅटलहून निघालेली जहाजं बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. पहिला दिवस हलणार हे धरून चला. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं बेटाच्या आतल्या बाजूने जातात, तिथे पाणी शांत. खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या. पुढच्या टोकाला वरची बाल्कनीची खोली दिसते छान आणि हलतेही सगळ्यात जास्त.
घाटात देतो ती अ‍ॅव्होमिन ७४ वर्षांच्या माणसाला सहज देऊ नका. खूप झोप येते, तोल जातो, प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडते. कानामागे लावायच्या पट्टीचंही तसंच, आणि काचबिंदू असेल तर ती नकोच. बाबांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. गोळी कुठलीही असो, जहाज हलायच्या आधी घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर नाही. आलेपाक सगळ्यांना चालतो.
रोजच्या गोळ्या मूळ पट्ट्यांसकट आणि चिठ्ठीवर औषधाचं शास्त्रीय नाव लिहून हातातल्या पिशवीत. चार-पाच दिवसांच्या जास्तीच्या ठेवा. जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, पण बिल खासगी दराने थेट खोलीच्या खात्यावर पडतं. विमा नंतर, तुम्ही भांडून घ्यायचा. आईबाबांचा अमेरिकेचा व्हिजिटर विमा समुद्रावर आणि कॅनडात चालतो का, आणि त्यात आजारी माणसाला हेलिकॉप्टरने हलवायचा खर्च आहे का, एवढं लेखी विचारून घ्या.
आणि हात साबणाने धुवा. जहाजावर पोटाची जी साथ येते ती बहुतेकदा नोरोव्हायरसची. त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. बुफेच्या दारात फवारा मारणारे उभे असले तरी आधी बेसिन गाठा. जुलाब-उलट्या झाल्या तर लपवू नका. खोलीत थांबायला सांगतात म्हणून लोक लपवतात आणि मग अख्खा मजला आडवा होतो.

सांगलीकरीण
खूप उपयोगी. आईचं खाणं? बाळाचं पोहणं?

मेतकूट-भात
खाण्याची काळजी सोडा, पण बुकिंगच्या वेळीच नोंदवा: शाकाहारी, अंडं नाही. जैन जेवण हवं असेल तर निघायच्या बरेच आठवडे आधी कळवावं लागतं. पहिल्या रात्री मोठ्या डायनिंग हॉलमध्ये हेडवेटरला गाठा. खूप जहाजांवर तो मुंबईचा किंवा गोव्याचा निघतो. सासूबाईंना दुसऱ्या दिवसापासून वरण, भात, एक भाजी, पोळीच्या नावाखाली काहीतरी जाडसर असं रोज मिळत होतं. अट एक, आदल्या रात्री सांगायचं. ऐनवेळी मागितलं तर पास्ता. बुफेत मात्र सांभाळून: भाज्यांच्या सुपात चिकनचं पाणी असू शकतं आणि केकमध्ये अंडं असतंच.
फॉर्मल नाइटला साडी नेसली की प्रश्न मिटला. आमच्या सासूबाईंबरोबर फोटो काढायला रांग लागली होती. बाबांना फुल पँट आणि कॉलरचा शर्ट पुरे. हाफ पँटवर डायनिंग हॉलमध्ये घेत नाहीत.
बाळाला पूलमध्ये सोडत नाहीत. डायपर असेल, अगदी पोहायचा डायपर असला तरी नाही. काही जहाजांवर लहानग्यांसाठी वेगळे फवारे असतात, तेवढंच. किड्स क्लबही बहुतेक ठिकाणी तीन वर्षांच्या पुढे आणि डायपर सुटलेला हवा.
अवांतर: जेट स्प्रे नसतो. एक मग किंवा दाबायची बाटली न्या. आणि कमोडमध्ये कागदाशिवाय काही टाकू नका, हवेने खेचणारे संडास असतात. एकाने ओला टिश्यू टाकला की ओळीने पाच खोल्यांचे बंद.

भाऊचा धक्का
या गप्पांत सुरक्षेच्या कवायतीचं कुणी बोललं नाही. जहाज सुटायच्या आधी प्रत्येकाने आपापल्या जमायच्या जागी हजेरी लावायची असते. आता व्हिडिओ फोनवर बघायचा आणि त्या जागी जाऊन कार्ड दाखवून यायचं, दहा मिनिटांचं काम. लोक टाळतात, बारमध्ये बसतात, मग त्यांच्या नावाने पुकारा होतो. १३ जानेवारी २०१२ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर गेली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी होणार होती. तेव्हाच्या नियमात ते बसत होतं. त्यानंतर नियम बदलले आणि आता कवायत आधी.
आमच्या आजोबांच्या पिढीला हे सांगावं लागत नसे. १७ जुलै १९४७ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. घरातलं कुणी बोटीने निघालं की आजी दारात उभी राहून आधी जीवरक्षक पट्ट्यांचं विचारायची.
सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे धोक्याचा इशारा, एवढं आईबाबांना पाठ करून ठेवायला सांगा. बाबांची जमायची जागा कुठली ते त्यांना स्वतःला माहीत हवं. तुम्ही तेव्हा बाळाबरोबर दुसऱ्या टोकाला असाल.

निवृत्त खलाशी
अनुमोदन. आणि लिफ्ट तेव्हा वापरायची नसते. आईंच्या गुडघ्यांचं बुकिंगच्या वेळीच कळवा, म्हणजे मदतीला माणूस नेमलेला असतो.
गुडघ्यांवरून आठवलं. अलास्कात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा. सकाळी सपाट वाटलेला उतरायचा पूल दुपारी चांगलाच उभा होतो. जहाजाकडच्या चाकाच्या खुर्च्या मोजक्या आणि अडीअडचणीसाठी असतात, दिवसभर फिरवायला देत नाहीत. लागणार असेल तर सिअ‍ॅटलमधूनच भाड्याने घ्या.

खडूस काका
टिपचं कुणी सांगेल का? माझ्या मेहुण्याच्या बिलात रोज माणशी १८ डॉलर लावले होते. कुणी मागितले नव्हते. काउंटरवर जाऊन काढून टाकता येतात असं ऐकलं. काढावे की नाही?

मेतकूट-भात
माणशी, रोज, बहुतेक जहाजांवर बाळासकट. अमेरिकी जहाजांवर साधारण १६ ते २० डॉलर धरून चाला. पाच जणांचे सात रात्रींचे हिशोबात आधीच धरा म्हणजे शेवटी धक्का बसत नाही. दारू, मसाज, खास रेस्टॉरंट यांवर आणखी १८-२० टक्के आपोआप लागतात.

खडूस काका
ते कळलं. काढावे का ते विचारतोय. पगार देणं कंपनीचं काम.

निवृत्त खलाशी
काका, तत्त्वाचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. कंपनीने पुरेसा पगार द्यायला हवा. पण ती देत नाही, आणि तुम्ही काउंटरवर सही केली म्हणून देणारही नाही. त्या १८ डॉलरमध्ये तुमची खोली आवरणारा, ताट आणणारा, आणि तुम्हाला कधीच न दिसणारा धोबीखान्यातला पोरगा असे सगळे असतात. सहा ते नऊ महिन्यांचं कंत्राट, सुट्टीचा वार नाही. टिप काढली तर कंपनीला काहीच झळ लागत नाही, लागते ती त्या पोराला. सेवा वाईट मिळाली तर पहिल्या दोन दिवसांत तक्रार करा, सुधारून घ्या. शेवटच्या रात्री गुपचूप काढणाऱ्यांची नावं आम्हाला कळायची, एवढंच सांगतो.

खडूस काका
बरं. राहू देत म्हणतो मेहुण्याला.

सिंगापुरी
ज्यांना अमेरिका लांब आहे त्यांच्यासाठी: इथून पेनांग, फुकेतला जाणाऱ्या क्रूझवर भारतातून खूप लोक येतात, त्यामुळे शाकाहारी जेवणाचा प्रश्न नाही. मात्र सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त वेळा आत येता येईल असा हवा. आल्यावर एकदा, जहाजावरून परतल्यावर दुसऱ्यांदा. परत येतानाही इथलं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, लोक टर्मिनलवर फोन काढून बसतात. आणि पोरांच्या बॅगा तपासा, व्हेप इथे जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे.

भाऊचा धक्का
मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करायचं तर कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज आहे. १९९०चं, आधी अमेरिकी कंपनीकडे होतं, २०२१पासून आपल्याकडे फिरतंय. देशातल्या फेरीला पासपोर्ट नको, ओळखपत्र पुरतं. आत पावलोपावली भारतीय जेवण, जैनसुद्धा. पण शनिवार-रविवारच्या गोवा फेरीत तरुण टोळकी आणि डीजे असतो. आईबाबांना न्यायचं तर मधल्या वारांची घ्या. पावसाळ्यात अरबी समुद्रावर हौस नको.

उत्तरायण
मूळ धाग्यावर येऊ. सिअ‍ॅटलमध्ये दोन क्रूझ धक्के आहेत, पियर ६६ आणि पियर ९१. तिकिटावर कुठला आहे ते बघून टॅक्सी करा.
मोठ्या बॅगा पोर्टरकडे दिल्या की खोलीत यायला संध्याकाळ होते. पासपोर्ट, औषधं, बाळाचं दूध-डायपर, आईचं स्वेटर हातातल्या पिशवीत. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे बाहेर काढून ठेवा. दरवेळी कुणीतरी नाइट ड्रेसवर इमिग्रेशनला उभं असतंच.
घड्याळ: अलास्का सिअ‍ॅटलच्या एक तास मागे. फोन बंदरावर स्वतःच वेळ बदलतो, जहाजावरची वेळ कधी बदलायची ते जहाजवाले ठरवतात. जहाजाच्या वेळेचं एक साधं घड्याळ बाबांच्या मनगटावर असू द्या. परत यायची शेवटची वेळ सुटायच्या अर्धा-एक तास आधीची असते. कंपनीची सहल घेतली असेल आणि ती लांबली तर जहाज थांबतं. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.
फोन एअरप्लेन मोडवर. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क लागतं आणि ते कुठल्याच नेहमीच्या पॅकमध्ये नसतं. बाबांच्या भारतातल्या सिमचं आवर्जून बघा.
खात्याला क्रेडिट कार्ड जोडा, डेबिट नको. ते रोज काही रक्कम अडकवून ठेवतात आणि सोडायला आठवडा लावतात.

मेतकूट-भात
दोन बारीक गोष्टी. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हूक नेले की टोप्या, जॅकेटं, पिशव्या टांगता येतात. बाल्कनीत टॉवेल वाळत घालू नका, उडतो आणि बोलणीही बसतात. आणि हो, पूलजवळच्या खुर्च्यांवर सकाळी सातला टॉवेल टाकून लोक नाश्त्याला जातात, अगदी एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा तसे. अर्ध्या तासाने कर्मचारी ते टॉवेल उचलतात. हिमनदीच्या दिवशी मात्र कुणी खुर्चीवर बसत नाही.

सांगलीकरीण
हिमनदीसाठी ग्लेशियर बे घ्यावा का? आमच्या जहाजाच्या पानावर दुसरंच नाव आहे.

उत्तरायण
ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान आहे, दिवसाला दोनच मोठी जहाजं आत सोडतात. त्यामुळे ठरावीक कंपन्यांनाच परवानगी मिळते. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून माहिती सांगतात, ते बाबांना आवडेल. बाकीची जहाजं हबर्ड किंवा डॉज हिमनदीला जातात, तीही वाईट नाहीत. जून असला तरी डेकवर बोटं गोठतात. कानटोपी न्या. केचिकनला छत्रीपेक्षा रेनकोट, तिथे पाऊस कोकणासारखा पण गार.

सांगलीकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. कॅनडाचे चारही अर्ज आज भरले, आईबाबांच्या ठशांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. किटलीचं आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘मग जहाजावर करायचं काय सकाळी?’ निवृत्त खलाशी, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. शेवटचा प्रश्न: स्कॅगवेची ती जुनी रेल्वे गुडघेवाल्यांना झेपेल का?

निवृत्त खलाशी
झेपेल. सोनं शोधायला झुंबड उडाली त्या काळात, १८९८ला बांधायला घेतलेली व्हाइट पास रेल्वे, वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. सगळं बसूनच. डबा बहुधा धक्क्याजवळच उभा असतो, चढायला पायऱ्या आहेत, आधी कळवलं तर लिफ्टचा डबा मिळतो. वर जाताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे. उतरताना जागांची अदलाबदल करायला सांगतात. काही फेऱ्या हद्द ओलांडून कॅनडात उतरवतात, तिकीट काढताना कुठली आहे ते बघा. तसली असेल तर त्या दिवशी पासपोर्ट तिजोरीत ठेवून निघू नका.